बायो की मॅथ्स, आणि ऱ्हिओचं पान

१३ मे २०२५ ला लेकीचा दहावीचा निकाल लागला आणि दिवेलागणीपर्यंत घरात एकच प्रश्न सुरू झाला, सोडणार काय? पेढे द्यायला गेले तर शेजारच्या काकूंनी विचारलं, माझ्या भावाने फोनवर अभिनंदन केलं आणि दुसऱ्याच वाक्याला विचारलं, मॅथ्स सोडतीय का बायो? सायन्स घेणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. पण घेणार काय असं कुणी विचारलं नाही, अगदी मीसुद्धा नाही, हे मला रात्री भांडी आवरताना जाणवलं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही.

ज्यांच्या घरात सध्या कुणी दहावी-अकरावीला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या बोर्डाच्या अकरावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा किंवा आयटीसारखा विषय, मग फिजिक्स आणि केमिस्ट्री बहुतेक सगळेच घेतात, आणि खरी मारामारी उरलेल्या दोन जागांवर. मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतलं की पीसीएमबी. मॅथ्स सोडलं तर त्याजागी जॉग्रफी, सायकॉलॉजी असं काहीतरी, बायो सोडलं तरी तसंच. आणि बायफोकल घेतलं तर इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स २०० मार्कांचं, त्यात दुसरी भाषाही जाते आणि बहुतेकदा बायोही जातं.

लेकीचं म्हणणं स्पष्ट होतं. गणितात ७१, विज्ञानात ९४, तेव्हा मॅथ्स ड्रॉप. मी म्हटलं, अगं मग डॉक्टर व्हायचंय का तुला? तर म्हणाली, नाही. मग काय व्हायचंय? माहीत नाही. हे "माहीत नाही" ती अगदी सरळ बोलली, रडतबिडत नाही, आणि मला ते आवडलं, कारण पंधरा वर्षांच्या मुलीला माहीत नसणं हेच खरं असतं. पण माहीत नसताना दार बंद करायचं कशाला हा प्रश्न मला पडला. आणि तो पडण्यामागे माझं स्वतःचं जुनं एक दुखणं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मिरजेची. मिरज म्हणजे एकीकडे सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आणि दुसरीकडे दवाखानेच दवाखाने, वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्यामुळे आमच्या गावात पोरगं जरा हुशार निघालं की डॉक्टर हे ठरलेलंच. मी १९९६ ला दहावी झाले. तेव्हा नीट, म्हणजे मेडिकलची देशभराची प्रवेश परीक्षा, नव्हती, राज्याची सीईटीपण आमच्यानंतर आली, आम्हाला बारावीच्या मार्कांवरच ॲडमिशन मिळायचं, तीन विषयांचे ३०० मार्क धरून, आणि लोक एकमेकांना "ग्रुपला किती?" असंच विचारायचे. मी पहिल्यांदा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो सगळं घेतलं होतं आणि सोबत मराठी.

बायोचं तिसरं का चौथं प्रॅक्टिकल होतं. कॉलेजच्या व्हरांड्यात ऱ्हिओच्या कुंड्या होत्या, ते झाड तुम्ही बघितलं असेल, पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी, बागेच्या कडेला लावतात. मॅडमनी आम्हाला एकेक पान तोडून आणायला सांगितलं. पान तिरकं फाडायचं आणि चिमट्याने खालच्या जांभळ्या बाजूची पातळ साल ओढून काढायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ती स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, वरून कव्हरस्लिप सुईच्या आधाराने हळू सोडायची म्हणजे बुडबुडा अडकत नाही. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं तर फरशा बसवाव्यात तशा एकाला एक लागून जांभळ्या पेशी, काठोकाठ भरलेल्या. मग मॅडम म्हणाल्या, आता एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. मी लावला आणि डोळा काढलाच नाही. मिनिट-दोन मिनिटांत जांभळं आत आत सरकायला लागलं. पेशीची भिंत तिथेच, चौकट जागच्या जागी, आणि आतला रंग आकसून एका कोपऱ्यात गोळा व्हायला लागला. सगळ्या पेशींमध्ये एकदम. मग साधं पाणी सोडलं तर हळूहळू परत फुगला. मॅडम मागून जाताना म्हणाल्या, कोशिंबिरीला मीठ लावल्यावर काकडीला पाणी सुटतं ना गं, तेच हे. मी सोळाव्या वर्षी रोज कोशिंबीर करत होते आणि मला आत काय चालतं ते पहिल्यांदा दिसलं होतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अप्पा घरी आले ते खुशीत. इलेक्ट्रॉनिक्सची एक सीट रिकामी झाली होती. २०० मार्क, प्रॅक्टिकलला भरपूर, स्कोरिंग विषय, आणि इंजिनिअरिंगला बायो लागतंच कुठे? अप्पांचा हेतू शंभर टक्के चांगला होता, आणि त्या वेळच्या हिशोबाने बरोबरही होता, हे मी आज आई झाल्यावर जास्त ठामपणे सांगते. त्यांनी मला विचारलंसुद्धा. पण विचारलं असं, की "सोडायचं ना मग बायो?" आणि मी हो म्हटलं. बायो गेलं आणि मराठीही गेलं, एका अर्जात. मॅडमना सांगायला गेले तेव्हा त्या जर्नलवर सही करत होत्या, माझं जर्नल त्यांनी मला परत दिलं, त्यात ऱ्हिओच्या पानाची आकृती अर्धी काढलेली होती.

इलेक्ट्रॉनिक्स मला आवडलं नाही असं अजिबात नाही हं. सोल्डरिंगचा वास मला अजून आवडतो, रेझिस्टरवरचे रंग बघून किंमत सांगता यायला लागली तेव्हा काय आनंद झाला होता, मल्टिमीटर हातात आला की मी जेवण विसरायचे. पुढे इन्स्ट्रुमेंटेशनला गेले. म्हणजे वाट चुकली असं म्हणायला जागा नाही. पण त्या पानाचं काहीतरी आत राहून गेलं होतं.

ते वर आलं दहा वर्षांनी. नोकरी लागली ती हॉस्पिटलमधली मशीन दुरुस्त करायची, आणि त्यात माझ्याकडे जास्त करून डायलिसिसची मशीन. पहिल्या वर्षी मी ते मशीन एक यंत्र म्हणूनच बघत होते, पंप, हीटर, व्हॉल्व्ह, सेन्सर. एकदा रात्री फोन आला, कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे द्रावणात क्षार किती आहेत ते सांगणारा, अलार्म थांबत नाहीये. गेले, तपासलं, एक पंप नीट ओढत नव्हता आणि त्यामुळे मशीनमध्ये तयार होणारं द्रावण पातळ होत होतं. ते साधारण १४ मिलीसीमेन्सच्या आसपास लागतं हे मला पाठ होतं. मी दुरुस्त केलं आणि सहज म्हणून टेक्निशियनला विचारलं, थोडं कमी झालं तर काय एवढं होतं हो? ते दादा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, मॅडम, पातळ पाणी जाळीच्या पलीकडून रक्ताला लागलं की तांबड्या पेशी पाणी ओढून घेतात आणि फुटतात, माणूस जाईल की.

मी पलीकडच्या पलंगावर झोपलेल्या आजोबांकडे बघितलं. आणि मला ऱ्हिओचं पान आठवलं. तेच मीठ, तेच पाणी, तेच पापुद्र्यातून इकडून तिकडे जाणं. फरक एवढाच की झाडाच्या पेशीला भिंत असते, ती चौकट धरून ठेवते, रक्ताच्या पेशीला भिंत नसते म्हणून ती फुटते. हे सोळाव्या वर्षी मला कुणीतरी दाखवायला सुरुवात केली होती आणि पुढचं पान मी उलटलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी बारावीचं बायो विकत घेतलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि सांगली-मिरज एसटीत बसून किडनीचा धडा वाचला. एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक बारीक गाळण्या, दोघी मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत आत घेतात. आमचं मशीन चार तासांत मिनिटाला ५०० मिलीच्या हिशोबाने १२० लिटर द्रावण वापरतं आणि तरी त्या दोन मुठीएवढ्या अवयवांची पुरती बरोबरी करू शकत नाही. त्या दिवसापासून मशीन उघडताना माझा हात वेगळा चालतो.

तर हे दुखणं. म्हणून लेक "मॅथ्स ड्रॉप" म्हणाली तेव्हा मला तिचा राग आला नाही, मला अप्पांचा आवाज ऐकू आला, विषय फक्त उलटा.

मे-जूनमध्ये आम्ही दोघी क्लासवाल्यांकडे फिरलो. नाव कुणाचंच घेत नाही. सगळीकडे गणित एकच मांडलं जातं आणि ते गणित चुकीचं नाही, हे आधी मान्य करते. नीटला ७२० मार्क, त्यातले ३६० एकट्या बायोचे. इकडे इंजिनिअरिंगच्या सीईटीला २०० मार्क, त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे. दोन्ही परीक्षांत अर्धा डोलारा एका विषयावर, मग ज्या विषयाचा तुमच्या परीक्षेत शून्य उपयोग त्याला रोज दोन तास कशाला द्यायचे? बॅचच तशा, नीटची बॅच वेगळी, जेईईची वेगळी, पीसीएमबीवाल्यांना टाइमटेबलमध्ये जागाच नाही. एका ठिकाणी तर फॉर्मवर दोनच चौकोन होते, टिक करायला. तिथल्या सरांनी लेकीला विचारलं, गणित जड जातं ना? तिने मान हलवली. मग सोड, डोक्याचा ताप कमी. दोन मिनिटांत निकाल.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या पोराला आतून, मनापासून डॉक्टर व्हायचंय त्याने मॅथ्स सोडलं तर ठीक आहे, त्याचा वेळ वाचतो, मी कशाला अडवू. पण जड जातं म्हणून सोड हा सल्ला मला पटत नाही. त्याच क्लासमध्ये नीटच्या बॅचला फिजिक्सचे पहिले दोन आठवडे "बेसिक मॅथ्स" शिकवतात, ग्राफ, लॉग, डिफरन्सिएशन, व्हेक्टर. म्हणजे सोडलेलं मॅथ्स मागच्या दाराने येतंच, फक्त पळत पळत शिकवलेलं, पाया नसलेलं. आणि दहावीचे ७१ हे काही अकरावीच्या मॅथ्सबद्दल फार सांगत नाहीत, आमच्या ओळखीत ९५ वाले अकरावीत बसकण मारलेले मी बघितलेत आणि सत्तरीतले सावकाश उभे राहिलेलेही बघितलेत.

दारं कुठली बंद होतात ते मी तिला एका कागदावर लिहून दिलं, कारण हे कुणीतरी सरळ सांगायला पाहिजे. मॅथ्स गेलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर अवघड, पायलट होणं गेलं, एनडीएतून वायुदल-नौदल गेलं, स्टॅटिस्टिक्स गेलं. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्रीला दोन्ही चालतं. बायो गेलं की मेडिकल आणि त्याच्या आजूबाजूचं बरंच जातं, पण तिथे एक खिडकी उघडलीय, नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने सांगितलं की बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून दिलं तरी नीटला बसता येईल. आणि ज्यांना डॉक्टर-इंजिनिअर दोन्ही नको, नुसतं सायन्सच करायचंय, त्यांच्यासाठी आयसर आहे, आपल्या पुण्यात २००६ पासून, तर त्यांच्या प्रवेश परीक्षेत बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. चारही. लेकीने हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा ती गप्प बसली.

कारण आमच्या गच्चीवरची गोष्ट तिलाही आठवली असणार. नववीच्या सुट्टीत जास्वंदीवर मावा पडला होता. मी म्हटलं कडुनिंबाचं पाणी मार. हिने काय केलं, एका फांदीवर मारलं, दुसऱ्या फांदीवर नुसतं पाणी मारलं, तिसरीला हातच लावला नाही, आणि तीनही फांद्यांना वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधून रोज सकाळी भिंग घेऊन शेवटच्या पाच पानांवरचे किडे मोजायची. बारा दिवस. वहीच्या मागच्या पानावर तक्ता, आणि बाराव्या दिवशी तीन रंगांच्या तीन रेघा काढलेला ग्राफ, कुणी सांगितलेलं नसताना. मी तो ग्राफ शोधून काढला आणि तिच्यासमोर ठेवला. काही बोलले नाही. तीच म्हणाली, आई, पण हे मॅथ्स नाहीये, हे मी नुसतं मोजलंय. मी म्हटलं, बरं.

मग आम्ही एक केलं, आणि हे कुणालाही करता येईल म्हणून लिहिते. बालभारतीची अकरावीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, ती उतरवून घेतली आणि तिला म्हटलं, क्लास नाही, मार्क नाहीत, मामा नाही, आठ दिवस फक्त वाच. रोज बायोचा एक धडा, मॅथ्सचा एक, आणि वहीत दोनच गोष्टी लिही, कुठे वेळ कसा गेला कळलं नाही आणि कुठे डोकं दुखलं. मला वाटलं होतं बायोला वेळ जाईल आणि मॅथ्सला डोकं दुखेल. तसं झालं नाही पूर्ण. बायोमधल्या वर्गीकरणाच्या लांबलचक याद्यांना ती कंटाळली, प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "नुसती नावं". आणि मॅथ्समध्ये ट्रिगोनोमेट्रीला डोकं दुखलं, पण प्रोबॅबिलिटीची उदाहरणं तिने सात सोडवली होती, त्यातली चार चुकली होती, आणि तरी सोडवली होती. चुकलं तरी जिथे बसावंसं वाटतं ती जागा ओळखता आली तर अजून काय पाहिजे, मला तरी तेवढं पुरेसं वाटलं.

भाऊ म्हणाला, ताई, पीसीएमबी म्हणजे दोन दगडांवर पाय आहे, पोरगी मधे पडेल. त्याचं प्रेम मला कळतं. मी म्हटलं, अरे पंधराव्या वर्षी एका दगडावर उभं राहून नदी कुठं ओलांडायचीय तिला, अजून काठावरच आहे की.

२०२५ ला पहिल्यांदाच सगळ्या राज्याची अकरावी ऑनलाइन झाली, त्यामुळे आमच्याकडेही पसंतीक्रम, फेऱ्या, यादी, सगळं मोबाइलवर बघत बसायचं. कॉलेज मिळालं, आणि विषय लिहायचा कागद शेवटी खिडकीवरच हातात आला, छापील, निळ्या शाईचा शिक्का मारलेला. मी लांब बाकावर बसले, मुद्दाम. तिने पाच मिनिटं घेतली. येऊन म्हणाली, चारही लिहिलेत, आणि मराठी ठेवलंय, आयटी नाही घेतलं. मराठीचं मी तिला काहीच म्हटलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री ती फिजिक्सचं प्रॅक्टिकल लिहीत होती, आणि तिला लॉग टेबल बघता येईना. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, हे माहीत असेलच. माझं जुनं क्लार्कचं पुस्तक काढलं, पानं पिवळी पडलेली. तिला शिकवायला आकडे पाहिजे होते म्हणून मी माझ्याच कामातले घेतले. समज डायलिसिसच्या आधी रक्तात युरिया १४०, आणि चार तासांनी ४९. भाग दे. २.८५७ आलं. आता टेबलमध्ये २८ ची ओळ, ५ चा रकाना. ४५४८, ती म्हणाली. आता उजवीकडे ७ खाली बघ. ११. बेरीज? ०.४५५९. त्याला २.३०३ ने गुण. तिने गुणलं, १.०५ आलं. हे काय आहे पण? मी सांगितलं, त्या माणसाचं रक्त पुरेसं साफ झालं का नाही हे ठरवायचं जे माप आहे ना, त्याचा गाभा हा आहे. पुढे त्यात अजून दोन-तीन दुरुस्त्या करतात, पण सुरुवात या लॉगनेच होते, कारण युरिया एकसारखा कमी होत नाही, जेवढा शिल्लक असेल त्याच्या प्रमाणात कमी होतो, पहिल्या तासात खूप आणि शेवटच्या तासात थोडा. ती थोडा वेळ टेबलकडे बघत राहिली. म्हणाली, माव्याचा ग्राफ पण तसाच होता, नंतर नंतर आडवा झाला होता.

मागच्या आठवड्यात पहिली युनिट टेस्ट झाली. बायोत २५ पैकी २१, मॅथ्समध्ये २५ पैकी ११. घरी आली ती सरळ अंथरुणावर पडली. जेवताना मला म्हणाली, आई, सोडू का? मी काही उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं, खरंच नव्हतं, ११ हे ११ असतात आणि झोप तिची जाते, माझी नाही. मी फक्त विचारलं, घाबरून विचारतीयस का कंटाळून? म्हणाली, आज घाबरून. विषय बदलायची शेवटची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलीय. तिने ती कंपासपेटीच्या झाकणावर आतून पेन्सिलने लिहून ठेवलीय, आणि खाली अजून एक ओळ, गुरुवारी प्रॅक्टिकल, ऱ्हिओची पानं न्यायची.